मायाळूचा वेल बारा महिने पानांवर कसा ठेवावा?

आगरातली · २४ मे, सकाळी ९:१०

नमस्कार मंडळी. किनारपट्टीवर पालक-मेथीचा हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा. शिमगा उरकला की पालक फुलावर जातो, आणि मिरगानंतर पेरलात तर रोपं कुजतात. मायाळू मात्र बहुवर्षायू वेल, उष्ण-दमट हवेतलाच. म्हणून परसातली रोजची पालेभाजी म्हणून त्याच्यावरच भिस्त ठेवायची आहे.

जागा अशी: रत्नागिरी तालुका, समुद्रापासून दीडेक किलोमीटर, जांभ्याची तांबडी माती, हातभर खाली कातळ, दोन माडांची विरळ सावली. अडचणी तीन आहेत. जुलैच्या मध्यापासून पानांवर तांबूस कडेचे ठिपके पडतात आणि मधला भाग गळून भोकं राहतात. गणपतीनंतर पानं रुपयाएवढी होतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेतून फुलांचे तुरे येतात. एप्रिल-मेमध्ये पानांच्या कडा करपतात. म्हणजे वेल वर्षभर जिवंत असतो, पण भाजीपुरती पानं तीनच महिने मिळतात. बारा महिने पानं मिळवायची तर नेमकं काय करावं?

सड्यावरचा · २४ मे, सकाळी ११:४५

ताई, वेळेवर विचारलंत. मिरगाला पंधरा दिवस आहेत, तेवढ्यात जागा तयार होते.

पहिली गोष्ट, कातळ हातभरावर असेल तर खड्डा खणून लावू नका. सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या माळावरचा, खड्डा म्हणजे पावसाळ्यात डबकंच. पाणी कातळावर साचतं, मुळं गुदमरतात आणि वर पानं पिवळी पडतात. मग माणूस खत कमी पडलं समजून आणखी खत घालतो. त्यापेक्षा जांभ्याचे चिरे आडवे लावून दोन फूट रुंद आणि फूटभर उंच वाफा करा. चिऱ्यांच्या सांध्यांत सिमेंट भरू नका, पाणी तिथूनच निघतं. भरण्यासाठी दोन घमेली माती, एक घमेलं पुरतं कुजलेलं शेणखत आणि अर्धं घमेलं कुजलेला पातेरा (पालापाचोळा), हेच प्रमाण वाफा भरेपर्यंत. वाळू मिसळायचीच असेल तर ओढ्याची घ्या, किनाऱ्यावरची खारी नको. दर वेलाला मूठभर, साधारण १०० ग्रॅम, निंबोळी पेंड मातीत मिसळून द्या. दोन वेलांत दोन फूट अंतर ठेवा. आणि वाफा पागोळीखाली येऊ देऊ नका. पागोळी माती उडवते, ठिपक्यांची सुरुवात तिथूनच होते.

आता छाट. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, चार पेरांची. कोवळा शेंडा नको, तो मऊ पडून सडतो. तळाचं निबर खोडही नको, ते फुटायला फार वेळ घेतं. पेराच्या अर्धा इंच खाली तिरका छेद द्या. कापल्याबरोबर छेदावर बुळबुळीत पाणी येतं. ते ओलं असताना मातीत खोचलं तर पावसाळी मातीत कुजण्याचा धोका, म्हणून दोन-तीन तास सावलीत ठेवून छेद कोरडा होऊ द्या. खालच्या दोन पेरांची पानं काढून तेवढी पेरं मातीत गाडा, दोन वर राहू देत. वरच्या पेरांना पान असेल तर एखादंच, तेही अर्धं कापून ठेवा. आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. नवं पान फुटलं म्हणून ओढून बघू नका, मुळं केसासारखी असतात. छाटीपासून पहिली खुडणी साधारण सहा आठवड्यांनी.

चुडतं · २४ मे, दुपारी १२:२०

नाव मायाळू आणि एकदा मांडवाला मिठी मारली की सोडत नाही. :) वाचतोय.

खाजणकाठ · २४ मे, दुपारी १:०५

नावावरून आठवलं. वेलबोंडी म्हणतात तो हाच. गोव्याकडे वालची भाजी, कारवारच्या खाली कानडी मुलखात बसळे, उत्तरेत पोई, बंगालात पुई, संस्कृतात उपोदिका. हे सांगायचं कारण असं की बाहेरगावच्या नातेवाइकांकडे छाट मागताना नुसतं ‘मायाळू’ म्हटलं तर समोरच्याला कळतंच असं नाही. गोव्यात ‘वाल’ ऐकून कडव्या वालाचं बी हातात येऊ नये एवढ्यासाठी आधी पान दाखवून घ्यावं.

आणि हिरव्या देठाचा की लाल देठाचा, हा प्रश्न येणारच. वनस्पतिशास्त्रात दोन्ही आता एकाच जातीत धरतात. चवीत फरक फार थोडा. लाल देठाचा शिजला की रंग सोडतो, वरण जांभळट दिसतं. भज्यांना हिरव्याचं मोठं, मांसल पान बरं पडतं.

पागोळी · २४ मे, रात्री ९:३०

ठिपक्यांबद्दल. वर्णन वाचून हा पानावरचा बुरशीजन्य ठिपकाच वाटतो, सर्कोस्पोरा गटातला. ओळख अशी: ठिपका गोल, टाचणीच्या डोक्याएवढ्यापासून तुरीच्या दाण्याएवढा, कड जांभळट-तांबडी, मध्य राखाडी. मधला पातळ झालेला भाग सुकून गळतो आणि भोक राहतं. किडीने खाल्लेल्या भोकाची कड वेडीवाकडी असते, तिला तांबडं कडं नसतं. पान उजेडासमोर धरलं की फरक लगेच दिसतो.

बुरशी जमिनीवर पडलेल्या जुन्या पानांत टिकते आणि पावसाच्या थेंबांबरोबर उडून खालच्या पानांवर बसते. म्हणून ठिपके नेहमी खालून वर चढतात. उपायही त्याच वाटेवर करायचा. वाफ्यावर चार बोटं जाडीचा वाळका पातेरा किंवा चुडतांची (माडाच्या झावळ्यांची) कुट्टी पसरा, म्हणजे थेंब मातीला थेट लागत नाही. वेल फूटभर वाढला की जमिनीपासून हातभरापर्यंतची सगळी पानं काढून टाका, तिथे नुसतं खोड राहू दे. ठिपक्याची पानं रोज खुडा आणि ती वाफ्यातच टाकू नका, चुलीत घाला. मांडवावर वेल एकावर एक चढू देऊ नका, वारा खेळला पाहिजे. सलग झडीच्या आठवड्यात थोडे ठिपके येणारच, पण ते खालीच थांबतात.

पोफळबाग · २५ मे, सकाळी ७:५०

एवढ्या कष्टापेक्षा बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक, मारा. पोफळीच्या कोळेरोगासाठी घरोघरी करतातच. एक टक्क्याचं मिश्रण: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. परसबागेला १० लिटर पुरे, म्हणजे दोन्ही १००-१०० ग्रॅम. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादल्यांत विरघळवून मग एकत्र करायचे. लोखंडी भांडं चालत नाही. तयार मिश्रणात लोखंडी खिळा किंवा कोयतीचं पातं बुडवून काढावं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

पागोळी · २५ मे, सकाळी ८:४०

कृती अगदी बरोबर, पण मायाळूवर मला ती पटत नाही. पोफळीचं शिरं आपण खात नाही, मायाळूचं पान दर आठ दिवसांनी ताटात येतं. बोर्डोचा निळा थर पानावर चिकटून राहावा म्हणूनच ते मिश्रण करतात, साध्या धुण्याने तो पुरता जात नाही. शिवाय पावसाळ्यात झड लागली की फवारणी पुन्हा करावी लागते, म्हणजे तांबं साठत जाणार मातीत. खाण्याच्या पानावर नकोच.

पोफळबाग · २५ मे, सकाळी ९:१५

बियाण्यासाठी राखलेल्या एखाद्या वेलावर तरी मारायला हरकत नसावी. खाण्याच्या वेलाबद्दल तुमचं म्हणणं मान्य.

कुणकेश्वरी · २५ मे, सकाळी १०:००

गोगलगायींचो बंदोबस्त सांगा आधी. पाऊस पडलो की एका रातीत शेंडे साफ. ठिपके रवले बाजूक.

सड्यावरचा · २५ मे, दुपारी ४:१०

कुणकेश्वरी, मोठ्या शंखाची आफ्रिकन गोगलगाय असेल तर मीठ, चुना, राख यांच्या रेषा पावसाळ्यात फुकट. पहिल्याच सरीला वाहून जातात, आणि मीठ वाफ्यात उतरून वेलालाच मारतं. वेचणं हाच उपाय, पण वेळ साधून. संध्याकाळी दिवेलागणीला पोतं भिजवून वाफ्याशेजारी जमिनीवर टाका, खाली पपईची सालं किंवा कोबीची पानं ठेवा. पहाटे पोतं उलटलंत की सगळ्या तिथेच जमलेल्या. हातात प्लास्टिकची पिशवी घालून उचला, उघड्या हाताने नको, त्यांच्या अंगात माणसाला अपाय करणारे जंत असू शकतात. मिठाच्या दाट पाण्याच्या बादलीत टाका आणि ते पाणी बागेपासून लांब ओता.

गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) चिऱ्यांच्या फटीत आणि सोडणांच्या (नारळाच्या सालींच्या) ढिगाखाली त्यांची पांढरी-पिवळसर अंडी झुबक्याने असतात, साबुदाण्यापेक्षा थोडी मोठी. मेअखेरीस तो ढीग एकदा उपसला तर पावसाळ्यातली निम्मी दगदग वाचते. पानं भाजीला घेताना वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी चोळून धुवावीत. चकाकता माग दिसला तर ते पान भज्यांना कच्चं-पक्कं तळायला नको.

ऋतुचक्र · २५ मे, रात्री १०:२०

आगरातलीताईंचा दुसरा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे खताचा आणि रोगाचा काही संबंध नाही.

मायाळू लहान दिवसाचा वेल आहे. दिवस साधारण तेरा तासांपेक्षा लहान झाला की तो फुलावर यायला लागतो. आता हिशोब बघा. रत्नागिरीच्या अक्षांशावर, म्हणजे १७ अंशांवर, २१ जूनचा वर्षातला सर्वांत मोठा दिवसही तेरा तास आणि वर जेमतेम सात-आठ मिनिटं. जुलैचा मध्य ओलांडला की तो तेरा तासांच्या खाली उतरतो, तो पुन्हा मेअखेरीपर्यंत वर येत नाही. म्हणजे आपल्याकडे वेलाला निव्वळ वाढीचे दिवस वर्षात दोन महिनेही नसतात. जुलैअखेर आतून कळी ठरते, ती डोळ्यांना दिसायला भाद्रपद उजाडतो. गणपतीनंतर पानं लहान होतात ती म्हणून.

दिवस लांबवणं आपल्या हातात नाही. हातात काय आहे, तर फुटव्याचं वय. जुना फुटवा लगेच तुरा काढतो. छाटून फुटलेला नवा, भरपूर पाणी आणि नत्र मिळालेला फुटवा आधी पाच-सहा चांगली पानं देतो, मग फुलाकडे वळतो. त्या पाच-सहा पानांतच खुडायचं. म्हणजे वेलावर जुना फुटवा राहूच द्यायचा नाही. बारमाही पानांची सगळी गोष्ट एवढीच आहे.

आगरातली · २६ मे, सकाळी ६:५५

ऋतुचक्र, हे कुणी सांगितलं नव्हतं. इतके दिवस फुलं आली की शेणखत वाढवलं जायचं आणि वेल तसाच ठेवला जायचा. मग छाटणी कधी आणि किती? की दर वर्षी नवा वेलच लावावा?

माडाखाली · २६ मे, सकाळी ९:३०

नवा कशाला? बहुवर्षायू वेल आहे ना! मांडवावर तीन-तीन वर्षं राहिलेले वेल कोकणात जागोजागी दिसतात. खोड अंगठ्याएवढं होतं, उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तरी तगतं. दर वर्षी छाटी लावत बसणं म्हणजे माड तोडून रोप लावण्यासारखं.

सड्यावरचा · २६ मे, सकाळी १०:५०

माडाखाली, वेल तगतो याबद्दल वाद नाहीच. प्रश्न पानांचा आहे. तीन वर्षांच्या वेलाचा तळ लाकडी होतो, फुटवे वर मांडवावरच फुटतात, तेही बारीक. खालच्या निबर खोडावरचे डोळे झोपलेले राहतात. आणि एकाच जागी मुळं राहिली की सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक जंत, वाढत जातात, त्याचं काय?

माडाखाली · २६ मे, सकाळी ११:१५

सूत्रकृमी ओळखायचे कसे? पानावर काहीच दिसत नाही.

गडगा · २६ मे, दुपारी २:४०

पानावर दिसतं ते फसवं असतं. भरपूर पाणी असूनही दुपारी वेल मान टाकतो, संध्याकाळी सावरतो. पानं फिकट होतात, खत दिलं तरी हिरवी होत नाहीत. शंका आली की खोडापासून वीतभर अंतरावर खुरप्याने माती सैल करून एक मूळ अलगद उचला आणि पाण्यात धुवा. मुळावर मण्यांच्या माळेसारख्या गाठी असतील तर सूत्रकृमी. चवळी-भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी नखाने टोकरल्या की सुटून येतात. ह्या सुटत नाहीत, कारण ते मूळच फुगलेलं असतं. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत फिरवून पाहा, गाठीतून मूळ आरपार गेलेलं जाणवतं.

अशा वाफ्यात मायाळू पुन्हा नको, वांगी, भेंडी, टोमॅटोही नकोत, सगळे त्याच किडीचे यजमान. तिथे एक हंगाम दाट झेंडू लावा आणि फुलं संपली की झाडं तिथेच गाडा. एप्रिल-मेमध्ये वाफा भिजवून त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीने बंद करा, चार ते सहा आठवडे. काळं प्लास्टिक त्या कामाला तितकं चालत नाही, माती पारदर्शकाखाली जास्त तापते. आणि मुळासकट रोप उपटून नव्या वाफ्यात नेऊ नका, कीड बरोबर जाते. वरची बिनमुळांची छाट मात्र निर्धोक. सड्यावरचांचं दर वर्षी छाटीने जागा बदलणं मला त्यासाठी पटतं.

माडाखाली · २६ मे, दुपारी ४:००

हे पटलं. म्हणजे जुना वेल बियांसाठी आणि अडीअडचणीसाठी ठेवायचा, भाजीचे वेल फिरते.

न्हाणीमागे · २७ मे, सकाळी ८:२०

थोडं विषयांतर. बारमाही पालाच हवा तर अळू सोपं नाही का? न्हाणीघराच्या पाण्यावर आपोआप वाढतं.

पागोळी · २७ मे, सकाळी ९:०५

सोपं खरंच आहे, पण दोन गोष्टी. एक, वडीचं काळ्या देठाचं अळू आणि भाजीचं हिरव्या देठाचं यांचे कांदे वेगळे ठेवा, एका वाफ्यात मिसळले की जोमदार दुसऱ्याला दाबतं. दोन, हल्ली न्हाणीच्या पाण्यात साबणापेक्षा धुण्याची पावडर जास्त असते. तिच्यातला क्षार साठला की पानांच्या कडा करपतात. पावडरीचं पाणी वळवून फक्त आंघोळीचं सोडा. खाज येते ती पानातल्या सुईसारख्या ऑक्झलेट स्फटिकांमुळे, चिंच-आमसूल घालून नीट शिजवलं की जाते. मायाळूला ती खाज नाही, एवढं त्याचं सुख.

कुणकेश्वरी · २७ मे, सकाळी ९:४०

शेवगो पण धरा यादीत. गोकुळाष्टमीक त्याच्याच पाल्याची भाजी लागता.

तिसरा मजला · २८ मे, रात्री ८:३०

मूळ गाव गुहागर, मुक्काम ठाण्यात. गॅलरीत पूर्वेचं तीन तास ऊन. कुंडीत जमेल का?

सड्यावरचा · २८ मे, रात्री ९:५०

जमेल. कुंडी चौदा इंची, निदान पंधरा लिटर मातीची, एका कुंडीत एकच वेल. लहान कुंडीत मुळं गोल फिरतात आणि वेल महिनाभर आधीच फुलावर जातो. तळाला भोकं चार, त्यांवर सोडणाचे तुकडे. तीन तास उन्हात पानं मोठी पण पातळ येतील, भाजीला उत्तम, भज्यांना जरा मऊ. वेल सरळ वर चढवू नका. गजांना आडवी सुंभाची दोरी बांधून तिच्यावर आडवा वळवा. शेंडा आडवा झाला की मागच्या प्रत्येक पेरातून फुटवा उठतो. नायलॉनची दोरी नको, कोवळं खोड तिच्यावर घासून कापलं जातं. दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत.

तिसरा मजला · २८ मे, रात्री १०:१०

आडवा वळवायचा, हे डोक्यात आलं नव्हतं. धन्यवाद.

खाजणकाठ · ३० मे, दुपारी १२:१५

खताचं बोलणं निघालंय तर मासळीचंही बोलू. ताजी मासळी धुतलेलं पाणी दुप्पट साध्या पाण्यात मिसळून वेलाला चांगलं, पण बुंध्यापासून हातभर लांब ओतायचं आणि वरून पातेरा ओढायचा, नाहीतर मांजरं वाफा उकरतात. सुकी मासळी भिजवलेलं पाणी मात्र कधीच नाही, त्यात मीठ.

चुलीतली राख आपल्या आंबट जांभ्याच्या मातीला मानवते, पालाशही मिळतं. एका वेलाला महिन्यातून एक मूठ. पण राख आणि गोमूत्र किंवा युरिया एकाच दिवशी देऊ नका. राखेच्या क्षारामुळे नत्र अमोनिया होऊन उडून जातं, नाकाला झोंबतं ते तेच. मध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्या. गोमूत्र द्यायचं तर दहापट पाण्यात. कुंपणाला गिरिपुष्प असेल तर त्याचा कोवळा पाला कापून बुंध्याभोवती टाका, लवकर कुजतो आणि नत्र देतो. पावसाळ्यात हे सगळं थोडं थोडं आणि वरचेवर. एकदम टोपलीभर घातलं तर जुलैच्या पावसात अर्धं गडग्याबाहेर.

गडगा · ३० मे, दुपारी १:३०

+१. आणि तिसऱ्या प्रश्नाचं राहिलंच. एप्रिल-मेमध्ये कडा करपतात त्याची किनाऱ्यावर दोन कारणं, खारा वारा आणि विहिरीचं पाणी खाली गेल्यावर येणारा मचूळपणा. समुद्राच्या बाजूच्याच पानांच्या कडा करपल्या असतील तर वारा. त्या अंगाला विणलेली झापं उभी करा, वेलापेक्षा हातभर उंच. सगळीकडची पानं सारखी करपली आणि मातीवर पांढरट पापुद्रा दिसला तर पाणी. मग रोज थोडं थोडं शिंपडू नका, तसं केल्याने मीठ वरच साठतं. एक दिवसाआड वेलाला आठ-दहा लिटर सावकाश द्या, म्हणजे मीठ मुळांखाली उतरतं. पाणी पानांवर नाही, बुंध्याशी. सोडणं पोकळ बाजू खाली करून बुंध्याभोवती मांडली की ओल टिकते. पावसाळ्याआधी ती उचला, नाहीतर गोगलगायींना आयतं घर.

मोगरी · २ जून, सकाळी ७:३०

मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी मायाळू खावा का?

पागोळी · २ जून, सकाळी ११:००

मायाळूत ऑक्झलेट आहे, पालकासारखंच. ज्यांना ऑक्झलेटचे खडे झालेत त्यांनी डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. बाकीच्यांनी उकळत्या पाण्यात दोन मिनिटं घालून ते पाणी टाकून दिलं तर विरघळणारं ऑक्झलेट बरंच कमी होतं. ताकातली भाजी करण्याची पद्धत त्या दृष्टीने शहाणपणाची आहे. ताकातलं कॅल्शियम पोटातच ऑक्झलेटला धरतं.

मोगरी · २ जून, सकाळी ११:२०

आणि बुळबुळीतपणा? मुलं हात लावत नाहीत.

खाजणकाठ · २ जून, दुपारी १:००

झाकण ठेवून मंद आचेवर शिजवलं की बुळबुळ वाढते. पानं धुऊन पूर्ण निथळा, मग चिरा, चिरल्यावर पाणी लावू नका. लोखंडी कढई चांगली तापवून लसणीची फोडणी, पानं घालून मोठ्या आचेवर चार मिनिटं, झाकण नाही. शेवटी आमसुलाचं आगळ चमचाभर. आंबटाने बुळबुळ मोडते. कोळंबी घालायची तर ती आधी परतून बाजूला काढा आणि पानं आळल्यावर परत घाला. भज्यांना बुळबुळीचा त्रासच नाही, पान कोरडं पुसून बेसनात बुडवायचं. बेसनात दोन चमचे तांदळाचं पीठ, म्हणजे कुरकुरीतपणा टिकतो. कोवळे देठ फेकू नका, बोटभर तुकडे वरणात घाला.

आगरातली · ११ सप्टेंबर, सकाळी ७:१५

धागा वर काढतेय. चिऱ्यांच्या वाफ्यात जूनमध्ये सहा छाटी लावल्या, सहाही लागल्या. खालची पानं काढल्यापासून ठिपके गुडघ्याच्या वर चढलेले नाहीत. आता चार वेलांवर बगलेत हिरवट-गुलाबी तुरे दिसू लागलेत, मोहरीएवढ्या कळ्या. मेमध्ये विचारलेलं राहिलंच आहे: कुठे कापू, किती कापू, सगळे एकदम कापू का?

ऋतुचक्र · ११ सप्टेंबर, सकाळी ८:३०

सगळे एकदम नाही. आज दोन कापा, पंधरा दिवसांनी दुसरे दोन, आणखी पंधरा दिवसांनी उरलेले. म्हणजे एक जोडी फुटत असताना दुसरी खुडायला तयार असते.

कापायचं जमिनीपासून हातभरावर, पण कापाच्या खाली दोन-तीन हिरवी पानं राहिलीच पाहिजेत. तुमची खालची पानं काढलेली आहेत, म्हणून जिथे पहिली निरोगी पानं आहेत त्यांच्या वर बोटभर कापा, मग ते दीड हातावर आलं तरी चालेल. बिनपानाचं खोड उघडं ठेवलं तर फुटायला महिना घेतं, कधी वाळतंही. धारदार कोयती किंवा कात्री घ्या, मोडू नका, मोडलेलं खोड उभं चिरतं. पाऊस उघडलेला दिवस बघा. त्याच दिवशी दोन मुठी गांडूळखत आणि मूठभर पेंड द्या, चार दिवसांनी गोमूत्राचं पाणी. दोन आठवड्यांत बगलेतून फुटवे येतील. ते वीतभर झाले की बुडाशी दोन पानं ठेवून शेंडा खुडा. मग आठ-दहा दिवसांनी तसंच. थंडीत हे अंतर पंधरा दिवसांवर जाईल, पानंही थोडी लहान राहतील, पण भाजीपुरती असतील.

सड्यावरचा · ११ सप्टेंबर, सकाळी ९:१०

कापलेल्या वेलाचे मधले तुकडे टाकू नका. ज्या पेराला अजून तुरा नाही अशी चार पेरं निवडून आजच दुसऱ्या वाफ्यात लावा, ऑक्टोबरच्या उन्हाआधी मुळं धरतील. उन्हाळ्यातली भाजी तेच वेल देतील, जूनचे तोवर दमलेले असतात.

माडाखाली · ११ सप्टेंबर, सकाळी ११:४०

सहातला एक वेल न कापता बियांसाठी सोडा, बिनठिपक्याचा आणि सर्वांत रुंद पानाचा निवडून. फळं काळी-जांभळी होऊन दाबल्यावर रस सुटला की काढा. कपड्यांना लागू देऊ नका. जुन्या गाळणीत चोळून गर पाण्याखाली धुवा, गर राहिला तर मुंग्या आणि बुरशी. सावलीत आठवडाभर सुकवून काचेच्या बरणीत ठेवा. पेरताना बी खरखरीत चिऱ्यावर दोन-चारदा घासा, रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, बोटाच्या पेरभर खोल लावा. दहा ते वीस दिवस लागतात, तेव्हा आठवड्यात उगवलं नाही म्हणून वाफा उकरू नका.

आगरातली · ११ सप्टेंबर, दुपारी ४:५०

पाऊस उघडला होता, उत्तरेकडचे दोन कापले. कापाखाली एकावर तीन पानं आहेत, दुसऱ्यावर दोन. अकरा छाटी निघाल्या, छेद सुकायला पडवीत ठेवल्यात. संध्याकाळी लावते. कुणकेश्वरी, पोतंही भिजवून ठेवलंय.

कुणकेश्वरी · ११ सप्टेंबर, संध्याकाळी ५:०५

पपईची सालां घालूक इसरा नको.